एअरपोर्टवरचा निळा घोडा आणि तो करणारा लुईस हिमेनेझ : सारखे विचारले जाणारे प्रश्न

डेन्व्हरला कोणी पहिल्यांदा आलं की प्रवास कसा झाला, खाल्लं का, हे मी विचारायच्या आतच मागच्या सीटवरून येतं, "अगं तो निळा घोडा कसला होता? डोळे बघितलेस का त्याचे?" वर्षानुवर्षं हेच. मग आमच्या इथल्या मराठी लोकांनीही विचारायला सुरुवात केली, पाहुणे आले की माझ्याकडेच पाठवतात, आणि घोड्यावरून सुरू झालेली गाडी हळूहळू घोडा करणाऱ्या माणसावर येते. तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतेय. घाई असेल तर सरळ १४ नंबरला जा, घोडा तिथे आहे. पण मला विचाराल तर वरून वाचा, कारण घोडा हे त्या माणसाचं शेवटचं काम आहे, एकमेव नाही.

१. हा लुईस हिमेनेझ नक्की कोण? आणि जिमेनेझ की हिमेनेझ?

हिमेनेझ. स्पॅनिशमध्ये तिथे ह चा उच्चार होतो, जिमेनेझ म्हणू नका, आणि मेक्सिकन लोक शेवटी चक्क स म्हणतात. जन्म ३० जुलै १९४०, एल पासो, टेक्सस. एल पासो म्हणजे अगदी बॉर्डरवरचं गाव, मध्ये नदी आणि पलीकडे मेक्सिकोचं सिउदाद ह्वारेझ. शिल्पकार म्हणून प्रसिद्ध, पण ब्राँझ-संगमरवरवाला नाही, फायबर ग्लासवाला (का ते प्रश्न ५ मध्ये). मोठे, चकचकीत, भडक रंगाचे पुतळे आणि त्यात गुराखी, शेतकरी, नाचणारी जोडपी, बॉर्डर ओलांडणारी माणसं. १३ जून २००६ ला स्वतःच्या स्टुडिओत अपघातात गेला, वय ६५.

२. चिकानो म्हणजे मेक्सिकनच ना? मग वेगळा शब्द कशाला?

नाही, इथेच सगळ्यांचा घोटाळा होतो. मेक्सिकन म्हणजे मेक्सिकोचा. चिकानो म्हणजे अमेरिकेत वाढलेला, मेक्सिकन वंशाचा, आणि मुख्य म्हणजे ते अभिमानाने सांगणारा. आधी हा शब्द हिणवायलाच वापरायचे, १९६० च्या दशकात शेतमजुरांची आंदोलनं झाली, विद्यार्थी रस्त्यावर आले आणि त्या पिढीने तोच शब्द उचलून छातीवर लावला. त्यामुळे तो नुसता वंश नाही, थोडं राजकारणही आहे त्यात, आणि म्हणूनच मेक्सिकन वंशाचा प्रत्येक माणूस स्वतःला चिकानो म्हणवून घेत नाही, काहींना आवडतही नाही.

अजून एक, सगळेच काही बॉर्डर ओलांडून आलेले नाहीत. १८४८ च्या तहात मेक्सिकोचा प्रचंड मोठा भाग अमेरिकेकडे गेला, तिथली माणसं होती तिथेच राहिली, बॉर्डर त्यांच्या डोक्यावरून खाली सरकली. आपण ज्या कोलोरॅडोत राहतो त्याचाही मोठा तुकडा त्यातलाच आहे हे मला इथे येऊन कितीतरी वर्षं माहीत नव्हतं.

३. घरात कोणी कलाकार होतं का?

होतं म्हणजे काय, वडीलच. त्यांचंही नाव लुईस. मेक्सिकोतून कागदपत्रांशिवाय आलेले, कलाकार व्हायची फार इच्छा, पण पोट भरायला एल पासोत पाट्यांचा धंदा टाकला. निऑनच्या पाट्या, मोठमोठे साइनबोर्ड, दुकानावर लावायच्या आकृत्या. आजोबा मेक्सिकोत काच फुंकून वस्तू करायचे, म्हणजे काच आणि उजेड घरातच होता म्हणा ना. लुईस सहा वर्षांचा असल्यापासून वडिलांच्या वर्कशॉपमध्ये हाताखाली.

हे नीट लक्षात ठेवा कारण पुढे ज्याला लोक "भडक" म्हणाले, "स्वस्त" म्हणाले, ते सगळं या दुकानातून आलंय. वेल्डिंग, स्प्रे, आतून लागणारा दिवा, लांबून दिसेल असा रंग. पाटीचं काम काय असतं, चालत्या गाडीतल्या माणसाची मान वळली पाहिजे. आता एअरपोर्टच्या रस्त्यावर तुमची मान वळली होती की नाही ते तुम्हीच सांगा.

४. शिकला कुठे, आणि न्यूयॉर्कला काय केलं?

ऑस्टिनला टेक्सस युनिव्हर्सिटीत. आधी आर्किटेक्चरला होता, मग ते सोडून आर्टला आला (हे आपल्या आईबाबांना सांगितलं तर काय होतं ते माहीत आहे), १९६४ ला डिग्री. त्यानंतर काही काळ मेक्सिको सिटीत राहिला, तिथली भिंतीवरची प्रचंड चित्रं बघितली. १९६६ ला न्यूयॉर्क. तिथे सेमूर लिप्टन नावाच्या शिल्पकाराकडे असिस्टंट म्हणून काम करायचा आणि उरलेल्या वेळात स्वतःचं.

न्यूयॉर्कची एक गोष्ट मला फार आवडते. लिओ कास्टेलीची गॅलरी म्हणजे त्या काळची सगळ्यात वजनदार गॅलरी, आणि हा गडी काय करतो, अपॉइंटमेंट नाही काही नाही, गाडीतून आपले पुतळे उतरवून सरळ आत नेऊन ठेवतो. तिथला इव्हान कार्प चिडायच्या ऐवजी खूश झाला आणि त्याने ग्रॅहम गॅलरीचा रस्ता दाखवला. १९६९ ला तिथेच पहिलं सोलो प्रदर्शन. चांगलं नाव व्हायला लागलेलं असताना १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क सोडून परत नैऋत्येकडे आला, आधी न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलला आणि नंतर हाँडो नावाच्या लहानशा गावात, एका जुन्या शाळेच्या इमारतीत घर आणि स्टुडिओ. लोक करिअर करायला न्यूयॉर्कला जातात, याने करिअर सुरू झाल्यावर सोडलं. पुढे ह्यूस्टनला आणि ॲरिझोनाला युनिव्हर्सिटीत शिकवलंही.

५. फायबर ग्लासच का? ते तर बाथटबचं मटेरियल.

बरोबर, बाथटबचं, होड्यांचं आणि गाड्यांच्या बॉडीचं. म्हणूनच.

त्याचं म्हणणं साधारण असं होतं की कामगार माणसांचे पुतळे करायचे तर त्यांच्या रोजच्या ओळखीच्या मटेरियलमध्ये करायचे. ब्राँझचा पुतळा बघितला की माणूस आपोआप आवाज खाली करतो, हात मागे बांधतो. फायबरवर गाडीचा रंग मारलेला पुतळा बघितला की तोच माणूस जवळ जातो, बोटाने वाजवून बघतो. तुम्ही लोरायडर गाड्या बघितल्या असतील, खाली बसवलेल्या जुन्या शेव्ही, त्यावर कँडीसारखा खोल रंग, आत चमचम. मेक्सिकन-अमेरिकन मोहल्ल्यांत ती गाडी म्हणजे घराण्याची इज्जत, पोरं वर्षभर पैसे साठवून एक थर मारतात. हिमेनेझने तीच चमक पुतळ्यावर आणली, रंगही तसलेच, गाड्या आणि विमानांना वापरतात ते. कलाजगतातल्या बऱ्याच लोकांना ते "टेस्ट" नसलेलं वाटायचं. माझं मत विचाराल तर कोणाची टेस्ट हाच प्रश्न होता आणि त्याला तो विचारला जायला हवाच होता.

शिवाय व्यवहाराची बाजू, फायबर हलकं, उंच उडालेला घोडा दोन पायांवर उभा करायचा तर ते सोपं पडतं. सोपं म्हणजे तुलनेने, प्रश्न १५ वाचा.

६. एवढा मोठा पुतळा करतात कसा?

थोडक्यात सांगते, मीही काही त्यातली नाही. आधी कागदावर ड्रॉइंग, भरपूर. मग लोखंडाचा सांगाडा आणि त्यावर मातीत पूर्ण आकार, अगदी शिरांसकट. त्यावरून साचा घ्यायचा, तुकड्या-तुकड्यांत. साच्यात आतून रेझिन आणि काचेच्या धाग्यांचं कापड, थरावर थर. सुकलं की साच्यातून काढून तुकडे जोडायचे, आतून स्टील, सांधे घासून गुळगुळीत, आणि मग रंग, स्प्रेने, पातळ पातळ खूप थर, वरून क्लिअर कोट. यातलं घासणं आणि स्प्रे दोन्ही फुप्फुसांचं वाटोळं करणारी कामं. एक पुतळा वर्षानुवर्षं चालायचा हे कळलं की प्रश्न १७ मधला उशीरही थोडा समजतो.

७. ह्यूस्टनला जो घोडेस्वार बघितला तोच वॉशिंग्टनलाही दिसला. ओरिजिनल कुठला?

दोन्ही. साचा असल्यामुळे एकाच शिल्पाच्या मोजक्या प्रती निघतात, ब्राँझमध्येही असंच करतात, शिल्पकलेत ही फसवणूक नाही. तुम्ही बघितला तो "वाकेरो". आधी केला ह्यूस्टनच्या मूडी पार्कसाठी, आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमच्या दाराशी आहे ती प्रत १९९० ची, मॉडेल १९८० चं. रंग प्रत्येक प्रतीला हातानेच मारायला लागतो, त्यामुळे शेजारी शेजारी ठेवल्या तर फरक दिसेल.

८. वाकेरोच्या हातात पिस्तूल का? मेक्सिकन म्हणजे डाकू असंच झालं ना ते?

हा प्रश्न ह्यूस्टनच्या लोकांनीही विचारला होता, तुम्ही पहिले नाही.

वाकेरो हा शब्द वाका म्हणजे गाय यावरून, म्हणजे सरळ मराठीत गुराखी. अमेरिकन काउबॉय म्हणून आपण सिनेमात जो गोरा माणूस बघत मोठे झालो त्याच्या कितीतरी आधी मेक्सिकन आणि स्पॅनिश गुराखी हेच काम या जमिनीवर करत होते. रोडिओ, रँच, लॅसो, लॅरिएट हे सगळे शब्द स्पॅनिशमधून आलेले, "बकारू" तर वाकेरोचाच अपभ्रंश. धंदा त्यांचा, शब्द त्यांचे, पोस्टरवर फोटो मात्र दुसऱ्याचा. हिमेनेझने तो फोटो बदलला, एवढंच.

आता पिस्तूल. वॉशिंग्टनमध्ये फिरा, घोड्यावर बसलेले जनरल पावलापावलावर आहेत, व्हाइट हाउससमोर अँड्र्यू जॅक्सन उधळलेल्या घोड्यावर बसलाय आणि आजूबाजूला तोफा ठेवल्यात, त्याला कोणी डाकू म्हणत नाही. मग सोळा फुटांच्या वर उंच, निळ्या उधळलेल्या घोड्यावर पिवळा शर्ट घातलेला मेक्सिकन माणूस दिसला की लगेच पिस्तूल का खुपतं, हे ज्याने त्याने बघावं. तरी मी म्हणेन की ज्या मोहल्ल्यात पोलिसांशी आधीच वाकडं होतं तिथल्या लोकांना काळजी वाटली असेल तर तीही खोटी नाही. मूडी पार्कमध्ये १९७८ ला मोठी दंगल झाली होती, पोलिसांच्या हातून एका मेक्सिकन-अमेरिकन तरुणाचा जीव गेला त्या प्रकरणावरून. त्याच पार्कात हा पुतळा. जागा माहीत असली की पिस्तूल वेगळंच दिसतं.

(निळा घोडा त्याने आधीही केला होता हे लक्षात आलं असेलच. प्रश्न १४.)

९. जळणारा माणूस कोण आहे? बघून भीती वाटली.

"मॅन ऑन फायर", १९६९. हाही स्मिथसोनियनमध्ये. उभा माणूस, अंगावरून ज्वाळा. एका बाजूने त्यात क्वाउतेमोक आहे, शेवटचा अॅझ्टेक राजा, सोनं कुठे लपवलंय ते सांग म्हणून स्पॅनिश लोकांनी त्याचे पाय जाळले होते. दुसऱ्या बाजूने व्हिएतनाममधले बौद्ध भिक्षू ज्यांनी भर रस्त्यात स्वतःला पेटवून घेतलं, ते फोटो तेव्हा सगळ्या जगाने बघितले होते आणि युद्ध तर चालूच होतं, त्यात गरीब घरातली चिकानो पोरं मोठ्या संख्येने जात होती. शिवाय मेक्सिकोतल्या ग्वादलाहाराच्या एका घुमटात ओरोस्को या मेक्सिकन चित्रकाराने रंगवलेला आगीतला माणूस आहे, त्याचंही देणं यात आहे. भीती वाटली तर बरोबरच वाटली.

१०. बॉर्डर ओलांडणाऱ्या कुटुंबाचा पुतळा त्याचाच का?

हो. "बॉर्डर क्रॉसिंग", स्पॅनिश नाव "क्रुझांडो एल रिओ ब्राव्हो", १९८९. नदी एकच, अमेरिकेत रिओ ग्रँडे आणि मेक्सिकोत रिओ ब्राव्हो, त्याने नाव मेक्सिकोच्या बाजूचं घेतलं. पुरुष पाण्यातून चालतोय, खांद्यावर बायको आणि तिच्या शालीत तान्हं बाळ. उंचच उंच, एखाद्या खांबासारखं, तिघं मिळून एकच माणूस वाटावा असं.

वडिलांना अर्पण केलंय. ते कसे आले ते प्रश्न ३ मध्ये लिहिलंय. बातम्यांत या लोकांचा नेहमी आकडा असतो, इतके पकडले, इतके परत पाठवले, आणि याने तिथे आपल्या घरातली माणसं उभी केली. मी स्वतः व्हिसाच्या रांगेत उभी राहून, फाइल छातीशी धरून आलेली बाई, माझा या नदीशी काही संबंध नाही असंच इतकी वर्षं वाटायचं. हा पुतळा बघितल्यावर तसं ठामपणे म्हणवत नाही.

११. "साउथवेस्ट पिएता" म्हणजे येशू-मेरीच आहे का?

नाव तेवढं तिथलं. मायकलअँजेलोच्या पिएतात आईच्या मांडीवर मुलगा आहे, इथे पुरुषाच्या मांडीवर बाई आहे आणि दोघं मेक्सिकोच्या जुन्या कथेतले, पोपोकातेपेत्ल आणि इस्ताक्सिवात्ल. तो लढाईवर गेला, तो मेल्याची खोटी बातमी आली, ती दुःखाने गेली, मग तो परत आला आणि तिला उचलून डोंगरावर घेऊन गेला आणि दोघांचे ज्वालामुखी झाले. मेक्सिको सिटीजवळ ते दोन डोंगर खरंच शेजारी शेजारी आहेत, एक झोपलेल्या बाईसारखा दिसतो. हे चित्र मेक्सिकन घरांत कॅलेंडरवर वर्षानुवर्षं लटकत आलंय, किराणा दुकानदार फुकट वाटतात तसलं कॅलेंडर. म्हणजे त्याने उच्च कलेतलं नाव घेतलं आणि कॅलेंडरवरचं चित्र त्यात बसवलं.

हे न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कीला. आधी जिथे लावायचं ठरलं तिथल्या लोकांनी विरोध केला, काहींना त्यात बाईवर जबरदस्तीच दिसली. शेवटी मार्टिनेझटाउन नावाच्या जुन्या, साध्या वस्तीत बसवलं आणि तिथल्या लोकांनी आपलंसं केलं. विरोध करणाऱ्यांच्या घरी ते कॅलेंडर कधी लागलं नसावं असा माझा आपला अंदाज.

१२. याचा एकही पुतळा भांडण न होता लागला नाही का?

जवळजवळ नाहीच! पिट्सबर्गला १९९० मध्ये पोलाद कामगाराचा पुतळा केला, नावात "हंकी" शब्द होता. पूर्व युरोपातून आलेल्या कामगारांना हिणवायला तो वापरायचे आणि त्यांच्या मुलानातवंडांना तो पुतळ्यावर बघवेना. मला वाटतं चिकानोसारखाच हाही शब्द उलटवता येईल असं त्याला वाटलं असावं, पण तो अधिकार ज्याचा शब्द आहे त्याचा असतो, बाहेरच्याचा नाही, आणि इथे तो बाहेरचा होता. त्याचं इथे चुकलंच असं मी म्हणेन. तो पुतळा नंतर बॉस्टनला एका युनिव्हर्सिटीच्या आवारात गेला.

पण अपवाद सांगते, एल पासो, त्याचंच गाव. तिथे भर शहरात सॅन हासिंटो प्लाझा आहे आणि त्याच्या हौदात खऱ्या जिवंत मगरी ठेवलेल्या असायच्या, १८८० च्या दशकापासून पार १९६० च्या दशकापर्यंत! म्हातारी माणसं अजून सांगतात. मगरी नेल्या, हौद सुना पडला. १९९५ ला हिमेनेझने तिथे फायबरच्या मगरी केल्या, पाण्यातून उसळणाऱ्या, "प्लाझा दे लोस लागार्तोस". तो लहानपणी बघत असलेल्याच मगरी त्या, गावाला परत दिल्या. यावर कोण भांडणार.

१३. फक्त पुतळेच करायचा का?

नाही, ड्रॉइंग जबरदस्त. रंगीत पेन्सिल आणि लिथोग्राफ, मोठ्या साइझचे, रेषा अशी की वाऱ्याने वळल्यासारखी. बारमध्ये नाचणारी जोडपी, रोडिओ, आणि १९९६ चं एक स्वतःचं पोर्ट्रेट ज्यात चेहऱ्याखालची कवटी दिसायला लागलीय. ज्यांना पुतळे भडक वाटतात त्यांना मी आधी ही ड्रॉइंग दाखवते.

१४. बरं, आता घोडा. निळा का आणि डोळे लाल का?

पुतळ्याचं नाव "मस्टँग", लोक "ब्लू मस्टँग" म्हणतात. ३२ फूट उंच, वजन ९,००० पौंड म्हणजे चार टनांच्या वर. मस्टँग म्हणजे पश्चिमेकडचा रानटी घोडा, मूळ शब्द स्पॅनिश, "मेस्टेन्यो", मालक नसलेलं मोकाट जनावर. स्पॅनिश लोकांनी आणलेले घोडे सुटले, रानात वाढले, आणि नंतर तेच अमेरिकन पश्चिमेचं चिन्ह झाले. बाहेरून आलेला, कागदपत्र नसलेला, आणि तरी इथलाच. आता तुम्हाला कळलं असेल की त्याला घोडाच का आवडायचा.

निळा रंग त्याचा जुनाच लाडका, वाकेरोचा घोडाही निळाच. आणि लाल डोळे म्हणजे वडिलांचं निऑनचं दुकान. त्यांची आठवण म्हणून रात्री लागणारे लाल दिवे. आम्ही सगळे ज्याला सैतानाचे डोळे म्हणतो ते मुलाने वडिलांसाठी लावलेले दिवे आहेत. हे एकदा कळल्यावर मला तरी तो घोडा भीतीदायक वाटत नाही, रात्री एकटी गाडी चालवत असले तरी.

याच घोड्याची लहान, आठेक फुटांची आवृत्ती ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीत आहे, तिला "मेस्टेन्यो"च म्हणतात.

१५. घोड्याने त्याला मारलं हे खरं की व्हॉट्सॲपवालं?

दुर्दैवाने खरं. १३ जून २००६, हाँडोचा स्टुडिओ. घोड्याचा मोठा तुकडा उचलून हलवत असताना निसटला आणि तो त्याखाली सापडून पायातली रक्तवाहिनी तुटली. हॉस्पिटलपर्यंत वाचला नाही. न्यू मेक्सिकोच्या गव्हर्नरने झेंडे अर्ध्यावर उतरवायला सांगितले होते, कलाकारासाठी असं फार क्वचित होतं.

एक विनंती, ही गोष्ट पाहुण्यांना सांगताना "घोड्याने मारलं, हा हा" असं सांगू नका. मोठ्या शिल्पांचं काम हे कारखान्याचं काम असतं, आणि कारखान्यात माणसं अशी जातात.

१६. मग घोडा पूर्ण कोणी केला? तो त्याचाच म्हणायचा का?

डोक्याचं रंगकाम त्याने स्वतः पूर्ण केलं होतं. बाकीचं त्याच्या मुलांनी, कुटुंबाने आणि स्टुडिओतल्या लोकांनी, रंगाला तर गाड्या रंगवणारे खास कारागीर होते. फेब्रुवारी २००८ ला उभा राहिला. आकार, साचे, रंगाची कल्पना सगळी त्याचीच, त्यामुळे हो, त्याचाच. आणि पाट्यांच्या दुकानात वाढलेल्या माणसाचं शेवटचं काम मुलांनी आणि गाडीच्या पेंटरांनी पुरं करावं यात मला काही कमीपणा वाटत नाही. पण माझ्या एका मैत्रिणीचं म्हणणं आहे की अंगावरचा रंग आणि डोक्यावरचा रंग यात तिला फरक दिसतो, मला कधी दिसला नाही.

१७. ऑर्डर कधी दिली होती? पैसे किती?

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, एअरपोर्ट बांधत होते तेव्हा. एअरपोर्ट १९९५ ला सुरू झाला आणि घोडा आला २००८ ला! ठरले होते तीन लाख डॉलर, शेवटी साडेसहा लाखांपर्यंत गेलं. मध्ये उशिरावरून शहराने त्याच्यावर दावाही लावला होता, मग तडजोड झाली.

१८. त्याला शाप आहे म्हणतात, काढून टाकणार होते ना?

शाप वगैरे काही नाही. ब्लूसिफर हे टोपणनाव तुम्ही ऐकलं असेल, ब्लू आणि लूसिफर मिळून. आल्यावर लगेच लोक चिडले होते, हलवा म्हणून ऑनलाइन मोहीमही झाली, पण शहराचा नियम असा की सार्वजनिक शिल्प लागल्यावर पाच वर्षं तरी ते काढण्याचा विचार करायचा नाही. मला हा नियम फार शहाणा वाटतो. पाच वर्षांत चिडलेले लोक टी-शर्ट विकायला लागले. आता एअरपोर्टच स्वतःच्या जाहिरातीत घोड्यावर आणि एअरपोर्टच्या जमिनीखाली एलियन लपवलेत या अफवेवर विनोद करतो.

१९. एअरपोर्टच्या आत गॅसमास्क घातलेल्या सैनिकाचं चित्र होतं, तेही याचंच?

नाही नाही, ती म्युरल्स लिओ टांगुमाची. तोही चिकानो, तोही टेक्ससचा, म्हणून गल्लत होते. चित्रं शांततेची आणि पर्यावरणाची आहेत, युद्ध आधी आणि शांतता नंतर अशा क्रमाने, पण इंटरनेटवर लोक फक्त अर्धं चित्र टाकतात आणि जगाच्या अंताच्या गोष्टी रचतात. आतल्या बांधकामासाठी ती काढून ठेवली होती, त्यामुळे सापडली नाहीत तर चोरीला गेली असं समजू नका.

२०. घोडा जरा जास्तच "पूर्ण" आहे. मुलांनी विचारलं तर काय सांगू?

की तो नर घोडा आहे. शरीररचनेत तो हयगय करायचा नाही, समोर मॉडेल म्हणून स्वतःचा ॲपालूसा जातीचा घोडा होता. माझी सासू पहिल्यांदा आली तेव्हा ती "शिरा किती छान काढल्यात" एवढंच म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. पुढचा प्रश्न.

२१. फायबर उन्हापावसात टिकतं का?

घोडा ठीक आहे. पण फायबरला ऊन आणि थंडी दोन्ही बाधतात, रंग फिका होतो, सांध्यांना भेगा जातात, पाणी आत जाऊन गोठलं की संपलंच. सगळ्यात हाल झाले ते नॉर्थ डकोटातल्या फार्गोच्या शेतकऱ्याचे, "सॉडबस्टर : सॅन इसिद्रो". बैलांच्या जोडीने जमीन फोडणारा शेतकरी, सॅन इसिद्रो हा शेतकऱ्यांचा संत. तिथल्या हिवाळ्याने त्याची अवस्था इतकी झाली की चौकातून हलवून दुरुस्तीला न्यावा लागला. ब्राँझवाले इथे "बघा, आम्ही म्हणालो होतो" म्हणू शकतात आणि ते बरोबर आहेत. गाडीसारखंच आहे, देखभाल करत राहायची, रंग उडाला की परत मारायचा.

२२. घोडा जवळून बघायचाय, कुठे थांबायचं?

थांबायचं नाही! तो पेन्या बुलेव्हार्डवर, म्हणजे एअरपोर्टच्या रस्त्यावर, येणाऱ्या आणि जाणाऱ्या लेनच्या मधल्या जागेत आहे, गाड्या जोरात असतात, कडेला गाडी लावून फोटो काढणारे दरवेळी दिसतात आणि दरवेळी माझ्या पोटात गोळा येतो. शेजारी बसलेल्याला फोटो काढायला सांगा, एअरपोर्टला जाताना एक संधी आणि येताना एक. खरं त्याचं काम जवळून बघायचं असेल तर वॉशिंग्टनचा वाकेरो, अगदी पायाशी उभं राहता येतं. अल्बुकर्कीला गेलात तर युनिव्हर्सिटीच्या आवारात "फिएस्टा डान्सर्स" आहेत, नाचणारं जोडपं, त्याचीच बहीण-आवृत्ती सॅन डिएगोजवळ ओटाय मेसाच्या बॉर्डर नाक्यावर आहे, गाड्यांच्या रांगेत ताटकळणाऱ्या लोकांसमोर. आणि डेन्व्हरला रात्रीची फ्लाइट घ्या. दिवसा तो नुसता निळा घोडा असतो, दिवे रात्री दिसतात.